पुढे सरकवलेला प्याला

सलाममामांना त्यांच्याआधी सलाम घालणारा माणूस सोलापुरात मी पाहिला नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत तेव्हा भेटल्यावर सलाम म्हणायची रीत होती. आणि सलामाला एक न लिहिलेला कायदा असतो. धाकट्याने थोरल्याला आधी घालायचा, अडाण्याने शिकलेल्याला, चाकराने साहेबाला. मामांना हा कायदा कोणी सांगितलाच नव्हता. ते पाळकसाहेबांना सलाम घालत, पाळकसाहेबांच्या चार वर्षांच्या मुलीला घालत, आमचे मंदिर, म्हणजे चर्च, झाडणाऱ्या म्हातारीला घालत, आणि सगळ्यांना सारखेच वाकून. आवाज असा की शुक्रवार पेठेत घातलेला सलाम पुढच्या पेठेतल्या माणसाने वळून घ्यावा. समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच मामांचा हात कपाळाला लागलेला असे. त्यांचे खरे नाव मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वहीत होते; ते त्या वहीतच राहिले.

या माणसाचा सूड घेण्यात मी आयुष्याची अडीच वर्षे घालवली. तेवढ्या वेळात एखादी परीक्षा दिली असती तर हेडमास्तर होऊन पेन्शनीत निघालो असतो. पण परीक्षेला अभ्यास लागतो. सुडाला नुसती चिकाटी पुरते, आणि ती माझ्यात उपजत होती.

मामा मूळचे वळसंगचे. तरुणपणी सोलापुरात आले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले आणि तीस वर्षे त्याच साच्यापुढे उभे राहिले. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असतात. तिथे शब्द ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ पाहून ओळखावा लागतो. तीस वर्षांत मामांचे कान गिरणीने ठेवून घेतले. आपल्याला कमी ऐकू येते हे त्यांना मान्य होते. आपण मोठ्याने बोलतो हे मात्र त्यांना कोणी पटवू शकले नाही. ते कुजबुजत तेव्हा मंदिराच्या आढ्यावरची कबुतरे उडत. एकदा उपदेश चालू असताना त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगितले, "पाळकसायेब आज लई उतरल्यात, घरी कायतरी बिनसलंय जनू." पाळकसाहेबांनी उपदेश तिथेच आटोपता घेतला. बिनसले होते हे खरेच होते.

मंडळीत कुणाचे भांडण झाले की ते मिटवायची मामांची एक स्वतःची तऱ्हा होती. आमच्या दोन बायकांचे एकदा कोंबड्यावरून इतके पेटले की मंदिरात त्या एकमेकींकडे पाठ करून बसू लागल्या. मामा पहिलीकडे गेले आणि म्हणाले, "ती म्हनती, चुकलं माजं." मग दुसरीकडे जाऊन तेच सांगितले. दोघींपैकी एकही तसे म्हणाली नव्हती. खोटेपणा उघडकीला आला तोवर दोन्ही घरांत कालवणाच्या वाट्यांची देवघेव सुरू होऊन गेली होती. मी मामांना विचारले, "हे खोटे बोलणे नाही का?" ते म्हणाले, "त्या म्हननारच हुत्या की मास्तर, जरा येळ लागला असता. मी आदी सांगून टाकलं." त्यांचे आणखी एक वाक्य असे: "भांडनात ज्याचं प्वाट भरल्यालं हाय त्येनं आदी वाकावं. उपाशी मानसाला वाकायला लई जड जातं."

मी त्या काळी मंडळीच्या शाळेत मास्तर होतो. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आधीची ही तीन-चार वर्षे. वय अठ्ठावीस, ओठांवर झुबकेदार मिशा, अंगात एकुलता एक काळा कोट, आणि मंडळीत आपल्याइतका नम्र माणूस दुसरा नाही अशी पक्की खात्री. त्या वर्षी पंचांमधली एक जागा रिकामी झाली. उमेदवार दोन, मी आणि सलाममामा. मामांचे नाव कोणीतरी गमतीने घातले असावे असे मला वाटले. मी कोटाला इस्त्री केली आणि निवडून आल्यावर करायचे भाषण लिहून काढले. तीन पाने होती. या पदाला मी कसा अपात्र आहे, हा विषय.

आमच्यातल्या निम्म्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून निवडणूक ज्वारीच्या दाण्यांनी होई. दोन मडकी मांडत. माझ्या मडक्यापुढे पाटी ठेवली होती, मामांच्या मडक्यापुढे गिरणीतला सूत फेकायचा धोटा. एकेकाने यायचे आणि हातातला दाणा हव्या त्या मडक्यात टाकायचा. शेवटी पाळकसाहेबांनी मडकी उपडी केली. माझे दाणे चिमणीनेही मागे वळून पाहिले नसते इतके होते. मामांच्या दाण्यांची भाकरी झाली असती. माझ्या अपात्रतेवरची तीन पाने मंडळीने न ऐकताच मान्य केली.

इथवर सहन झाले असते. पण मामा उठले आणि म्हणाले, "मंडळी, ह्यो काय खेळ केलासा? मला अक्षर वळकत न्हाय. मास्तर शिकल्यालं हायत, त्येस्नी करा की." पाळकसाहेब म्हणाले, झाले ते झाले. तेव्हा मामांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. "मास्तर, मी नावाचा पंच. वही तुमी लिवायची. तुमी सांगशीला तसं मी करनार." मंडळीच्या डोळ्यांना पाणी आले. माझ्याही आले, कारण निराळे होते. माणूस मला हरवतो ते हरवतो, आणि वर मला वाढून देतो! घरी येऊन कोट खुंटीला अडकवताना मी या माणसाला धडा शिकवायची शपथ घेतली. ख्रिस्ती माणसाने शपथ घेऊ नये असे शास्त्र सांगते, म्हणून मी ती हळू आवाजात घेतली.

पहिला सूड साधा ठरवला: मामांना आपण आधी सलाम घालायचा. ज्या गोष्टीत ते कधी हरले नाहीत तिथेच त्यांना गाठायचे. एका रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी मी मंदिराच्या फाटकामागे दडून बसलो. बाहेर वहाणांचा आवाज आला. मी झेप घेऊन बाहेर आलो आणि मामांच्या पट्टीत ओरडलो, "सलाम!" समोर डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेली बाई होती. वांगी रस्ताभर गेली. ती बाई खालून एकेक वांगे उचलत माझ्या कोटापासून माझ्या आईपर्यंत एकेकाचा उद्धार करू लागली. मीही खाली बसून वांगी गोळा करत होतो, तेवढ्यात मागून गडगडाट झाला, "सलाम मास्तर! आज लवकर आलासा जनू?" आणि मामाही माझ्या शेजारी बसून वांगी वेचू लागले.

दुसरा सूड शास्त्रीय होता. पंचांनी पाळीपाळीने घरोघर प्रार्थनासभा घ्यायच्या असत. मामांना वाचता येत नसल्याने त्यांच्या सभेत उतारा मी वाचायचा. मी आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याचा उतारा निवडला. 'आंधळा' शब्द आला की मान वर करून मामांकडे पाही, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. मामा माझ्या अगदी पुढ्यात कानाशी हात धरून बसले होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तरांनी नेमकं माजंच काडलं. बरं केलं. मला सांगायला कुनी धजत न्हवतं." पुढच्या सभेला मला म्हणाले, "त्यो आंदळ्याचा परत वाचा की. परवा निम्मी मानसं आली न्हवती." मी तो तीन वेळा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मला स्वतःलाच धडपडल्यासारखे वाटू लागले, म्हणून तो नाद सोडला.

तिसरा सूड मात्र जालीम. मी मामांशी अबोला धरला.

बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात एक मोठी अडचण असते. ती मला आधी सुचली नाही. पंचांच्या सभेत मी त्यांच्याच शेजारी बसे. ते काही विचारत. मी अक्षर बोलत नसे. पण पाळकसाहेबांना संशय येऊ नये म्हणून मान तेवढी हलवी. साचेवाल्या माणसाने ओठ पाहून ओळखावे, तर माझे ओठ मिशांखाली. मामांची समजूत झाली की मास्तर बोलतात, आपल्यालाच ऐकू येत नाही. सहा महिने मी प्राणपणाने त्यांच्याशी बोलत नव्हतो, आणि ते दर वेळी "बरं, बरं, तुमी म्हनता तसं" म्हणून समाधानाने उठत होते.

शेवटी ते मंडळीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे कान दाखवायला गेले. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, पुष्कळ पुढे कळले. बाईंना म्हणाले, "समद्यांचं थोडं थोडं आयकू येतंया, एकट्या मास्तरांचंच काय येत न्हाय. त्येवढाच कान गेला जनू." बाईंनी कान तपासले आणि हसून विचारले, "मास्तर तुमच्याशी बोलतात तरी का?" मामा हसले नाहीत म्हणे. पागोटे हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसून राहिले.

त्यानंतर ते तीनदा माझ्या बिऱ्हाडी आले. मला वाटले, वहीचे काम असेल. शेजाऱ्याकडून मी तिन्ही वेळा 'मास्तर अक्कलकोटला गेलेत' असे सांगवले. तिसऱ्या खेपेला ते दारात भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी ठेवून गेले. अबोला धरलेल्या माणसाच्या शेंगा खाव्यात की नाही याबद्दल शास्त्रात काही नाही. मी खाल्ल्या.

आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, तीन महिन्यांतून एकदा असे. त्याच्या आधीच्या शुक्रवारी तयारीची सभा भरे. तिथे पाळकसाहेब दर वेळी एकच गोष्ट बजावत: तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग या. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि प्रत्येक वेळी हे शेजारच्याला सांगताहेत असे मला वाटे. बारकाईने पाहिले तर त्यात एक खोच आहे. तुमच्या मनात राग असेल तर, असे ते म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या मनात तुमच्यावर राग असेल तर, असे म्हणतात. ही खोच मला शिकलेल्याला दिसली नाही. अक्षर न ओळखणाऱ्या मामांना दिसली.

त्या रविवारी द्राक्षारसाचा प्याला बाकांवरून हातोहात येऊ लागला. प्याला एकच, मांगाचा, महाराचा, माळ्याचा, सगळ्यांचे ओठ त्याच काठाला लागायचे, हीच तर आमच्या मंडळीची ऐट होती. प्याला मामांकडे आला. पंच म्हणून ते पहिल्या बाकावर, वही लिहिणारा म्हणून मी शेजारी. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर धरला आणि न पिता माझ्याकडे सरकवला. मी घटकन प्यालो.

सगळ्यांनी पाहिले. प्याला न पिणे ही आमच्यात साधी गोष्ट नव्हती. मोठे पाप पदरी असल्याशिवाय माणूस असे करत नाही. पहिल्या वेळी लोक म्हणाले, बरे नसेल. पुढच्या प्रभुभोजनालाही मामांनी प्याला सरकवला तेव्हा चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, शिंदी पितो. कोणी म्हणाले, गड्ड्याच्या जत्रेत देवळात नवस फेडताना दिसला. वळसंगला दुसरी बायको आहे असेही निघाले. तिचे नावगावसुद्धा लोकांना ठाऊक होते. मी यातली एकही अफवा उठवली नाही. फक्त कोणी माझ्यासमोर सांगितली की "छे, छे, मामा तसे नाहीत" हे अशा स्वरात म्हणे की ऐकणाऱ्याची खात्रीच पटावी. सूड आता आपल्या पायांनी चालत होता, मला नुसते मागून जायचे होते. इतके सुख मला पगारवाढीनेही झाले नव्हते.

तिसऱ्यांदा प्याला सरकला आणि पंचांनी चौकशी करायचे ठरवले. पंच प्याला नाकारतो म्हणजे काय? कारण सांगत नसेल तर त्याचे पंचपद काढावे आणि मंडळीच्या वहीतून नावही कमी करावे, इथवर गोष्ट गेली. पाळकसाहेब मला म्हणाले, "मास्तर, वही तुमच्याकडे आहे. तुम्हीच घरी जाऊन विचारा. तुमचा आणि त्यांचा चांगला घरोबा आहे." मी दोन पेन्सिलींना टोके काढली.

मामा गिरणीमागच्या चाळीत राहत. एकच खोली. मामी भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे माहेर मैंदर्गी, त्यामुळे तोंडात आधी कानडी येई. "बर्री मास्तर, कुंद्री," म्हणजे या, बसा, असे म्हणाल्या, पण पाट पुढे केला तो पायाने. मामांनी मला आधी सलाम घातला, पागोटे घातले आणि समोर बसले. अबोला गुंडाळून ठेवून, मिशा बोटांनी बाजूला करून मी विचारले, "तुम्ही प्याला का घेत नाही?"

मामा म्हणाले, "एका भावाचा माज्यावर राग हाय मास्तर. त्येच्याकडं तीनदा गेलो. गाठ पडली न्हाय. त्येचं मन निवळल्याबिगर मी कसा पिऊ?"

मला संतापच आला. खरे सांगतो, मनापासून संताप आला. इतक्या गरीब माणसावर राग धरणारा आणि घरी आला तर त्याला भेटही न देणारा हा कोण दुष्ट? "नाव सांगा," मी म्हणालो, "अशा माणसाला मंडळीपुढे उभा केला पाहिजे. नाव सांगा, मी लिहितो."

"नाव नगं," मामा म्हणाले.

"का नको? त्याच्यापायी तुमचे पंचपद जायची वेळ आली. असल्याला प्रभुभोजनाला बसू देता कामा नये."

परातीवरचा थापण्याचा आवाज थांबला. मामी म्हणाल्या, "पेन्सिल हाय न्हवं हातात? मग लिवा की तुमचंच."

मामांनी त्यांचे ओठ पाहिले. "गप ए," म्हणाले.

"कशापायी गप? नळावर बाया माज्या घागरीपसनं लांब उभ्या ऱ्हात्यात. परवा बारशाला कालवण नेलं, तसंच्या तसं परत आलं. आनि ह्ये आल्यात टोक करून."

मी पाटावरून उठलो. दोन्ही पेन्सिली खिशात घातल्या. मामा चाळीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. "तिचं मनावर घिऊ नका मास्तर," म्हणाले. सबंध चाळीने ते ऐकले.

आता इथे एखाद्या बऱ्या माणसाने काय केले असते ते मला ठाऊक आहे. मी घरी जाऊन अहवाल लिहिला: 'कारण सांगण्यास नकार दिला.' यात खोटे एक अक्षर नव्हते. नाव सांगायला त्यांनी नकार दिलाच होता. इतक्या सफाईने मी आयुष्यात दुसरे वाक्य लिहिलेले नाही.

मंडळीची सभा भरली. पुन्हा दोन मडकी मांडली होती, नाव ठेवायचे एक, काढायचे एक. मला उभे राहून अहवाल वाचावा लागला. कागद मी आधी उलटा धरला, मग हातातून पाडला. वाचून मी पहिल्या बाकावर मामांच्या शेजारी येऊन बसलो. पाळकसाहेबांनी विचारले, "कोणाला काही सांगायचे आहे?" सगळे हातातले दाणे चाचपू लागले. मामांना वाटले, मास्तर घाबरलेत. ते माझ्याकडे झुकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू जावे अशा बेताने कुजबुजले:

"भिऊ नका मास्तर. तुमचं नाव मी घेत न्हाय."

आढ्यावरची कबुतरे उडाली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आपण काय केले हे मामांना कळलेच नव्हते. ते पुन्हा सरळ बसून पाळकसाहेबांकडे शांतपणे पाहू लागले होते. बायकांच्या बाजूने मामी माझ्याकडे पाहत होत्या. तेवढ्या एका नजरेपुढे सबंध मंडळीच्या नजरा मला सावलीसारख्या वाटल्या.

मी उठलो. म्हणालो, "कारण मला ठाऊक होते. कारण मीच आहे. दाण्यांत हरलो तेव्हापासून मी यांच्यावर डूख धरून आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "हे आम्हाला काय सांगता? त्यांना सांगा."

मी मामांकडे वळलो आणि म्हणालो, "मामा, मला क्षमा करा."

"काय?" मामा कानाशी हात नेत म्हणाले.

मी जरा मोठ्याने म्हणालो.

"आयकू न्हाय आलं मास्तर."

तेव्हा मी शाळेत कवायतीला लावतो तो आवाज लावला. "मामा, मला क्षमा करा!" रस्त्यावरचे दोन टांगे थांबले. फाटकातून टांगेवाल्यांनी आत डोके घातले.

"हां," मामा म्हणाले. "केली की. त्येवढ्यासाटी वरडायला काय झालं?"

मडकी रिकामीच उचलली, आणि त्या रविवारच्या प्रभुभोजनाला मामांनी प्याला घेतला, सावकाश प्याले आणि माझ्या हातात दिला. माझे मन त्या वेळी पवित्र विचारांनी भरले होते असे लिहायला मला आवडले असते. मी एकच विचार करत होतो: मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हाच या माणसाला ऐकू आले होते. दोन वेळा त्याने मला मुद्दाम ओरडायला लावले. महिनाभर मी त्यावर धुमसलो. मग वाटले, लावले असेल तर बरे केले. तेवढी तरी बरोबरी झाली. नंतर त्यांना मी अनेकदा खोदून विचारले. त्यांनी कधी कबूल केले नाही, नाकारलेही नाही. आमचे जमून गेले. वही मी लिहायचो, माणसे ते जोडायचे. मला कुणाचा राग आला की मी तो त्यांना सांगे आणि ते त्या माणसाकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून येत. त्यामुळे मला राग येणेच हळूहळू परवडेनासे झाले.

पुढे गिरणीने जुनी माणसे कमी केली. मामा-मामी वळसंगला परत गेले. तीन-चार वर्षांनी निरोप आला की मामा गेले. मी सर्व्हिसच्या मोटारीने पोचलो तेव्हा माती व्हायची होती. गावातले निम्मे लोक आले होते. पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत एक मुसलमान तेली होता, बाकीचे शेतकरी. सगळे आटोपल्यावर मी मामींजवळ गेलो. म्हणालो, "मामी, मामांनी माझ्यावर कधी राग धरला नाही."

"न्हाय धरला," मामी म्हणाल्या. "मी धरलाय. त्येंच्याकडं माफी मागितलीसा. माज्याकडं कवा आलासा?"

सात-आठ वर्षे होऊन गेली होती. ओरडून माफी मागितली ती मामांची. सहा महिने नळावर एकटी उभी राहिलेली बाई माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी तिथेच क्षमा मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बगू. जेवून जावा."

आता तुम्ही म्हणाल, मागितली ना, मग झाले. पण इतकी वर्षे मामांच्या शेजारी बसलेल्या माणसाला ते झाले असे म्हणता येईना. पुढच्या प्रभुभोजनाला प्याला माझ्याकडे आला आणि मी तो शेजाऱ्याकडे सरकवला. माझ्याविषयी मात्र कसलीच अफवा उठली नाही. लोक इतकेच म्हणाले, मास्तर पुन्हा कुणावर तरी चिडलेला दिसतो. मी दर महिन्याला वळसंगची मोटार धरू लागलो. मामी जेवायला वाढत. जेवण झाले की मी विचारी, "मामी, राग गेला का?" त्या म्हणत, "हाय अजून. या फुडल्या म्हैन्यात." त्यांचा शेंगांचा ढीग असे तो मी फोडून देई, कुणाचे पत्र आलेले असे ते वाचून दाखवी आणि परत येई.

चौथ्या महिन्यात मी ताटावर बसलो आणि जेवणाआधीच विचारले. मामी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

"त्यो मातीच्याच दिवशी गेला, तुमी म्हनलासा तवाच."

"मग हे चार महिने?"

"माज्या शेजारी बाया सहा म्हैनं बसल्या न्हाईत मास्तर. तुमाला मी चारच ठेवलं. जास्त झालं का?"

सूड कसा घ्यावा हे मला त्या दिवशी दिसले. माझी अडीच वर्षे निव्वळ पोरखेळ होती. मी म्हणालो, "नाही मामी. कमीच झाले."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर तूप वाढले, आणि मी ती संपवीपर्यंत समोरून हलल्या नाहीत.